संकटी की संकष्टी?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७२.

गीता संपत आली आहे. सातशे श्लोकांतले जेमतेम सहा उरले आहेत. कर्म सांगून झालं, ज्ञान सांगून झालं, भक्ती सांगून झाली, विश्वरूपही दाखवून झालं. आता भगवंत अर्जुनाला एक प्रश्न विचारतात. "पटलं का?" असा तो प्रश्न नाही. "आता तरी लढशील ना?" असाही नाही. ते एवढंच विचारतात, की बाबा रे, हे सगळं तू मन एका ठिकाणी ठेवून ऐकलंस का? आणि ऐकून तुझा तो अज्ञानातला मोह गेला का?

मला या प्रश्नाचं फार अप्रूप वाटतं. आमच्या कामात एक साधा नियम आहे. एका मशीनने दुसऱ्या मशीनला माहिती पाठवली की काम झालं, असं आम्ही धरत नाही. समोरून 'पोचलं' अशी पोच यावी लागते. पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचं. जो सगळं जाणतो त्याला खरं तर पोच मागायची गरज नाही. तरीही भगवंत मागतात. कारण सांगितलेलं आणि ऐकलेलं यांच्यामध्ये एक फट असते आणि त्या फटीत बरंच काही घडतं.

आजचं चिंतन त्या फटीवर. आणि ती फट बघायची असेल तर आरतीच्या जुन्या रेकॉर्डसारखी दुसरी जागा नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आरत्या आधी ऐकून पाठ केल्या असतील, छापील शब्द नंतर कधीतरी पाहिले असतील. काहींनी अजूनही पाहिले नसतील! त्यामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत काही शब्द पिढ्यान्पिढ्या वेगळेच म्हटले जातात. गणपतीच्या आरतीत 'फणिवर' आहे, मुलं 'फळीवर' म्हणतात. विठोबाच्या आरतीत 'कुरवंड्या' आहेत, मुलं बिनदिक्कत 'सुरवंट्या' म्हणतात. शंकराच्या आरतीतलं 'लवथवती' कित्येक घरांत 'लवलवती' होतं. आणि सगळ्यांत जास्त चालणारं म्हणजे 'संकटी'च्या जागी 'संकष्टी'.

हसू येतं, आणि यावंही. पण जरा थांबून बघा, या चुका उगाच कशाही झालेल्या नाहीत.

'ण' म्हणताना आणि 'ळ' म्हणताना तुमची जीभ टाळूला कुठे लागते ते आत्ता म्हणून पाहा. जवळजवळ एकाच जागी. फरक एवढाच, की 'ण' नाकातून जातो. टाळ, झांजा आणि टाळ्यांच्या गजरात तो नाकातला फरक ऐकू येणार कसा? मग फणिवर आणि फळीवर यांत निवड कोण करतं? कान नाही, मन करतं. सहा वर्षांच्या मुलाला 'फणी' म्हणजे नाग हे माहीत नसतं. 'फळी' माहीत असते. त्याच्या घरचा बाप्पा खरोखरच भिंतीवरच्या फळीवर बसलेला असतो! त्यामुळे मन म्हणतं, बरोबर, फळीवरच्या बाप्पाला वंदन. मुलाच्या दृष्टीने अर्थ अगदी चोख लागतो.

जुन्या रेकॉर्डवर तर हे आणखी होतं. रेकॉर्डवरचा आवाज म्हणजे एका लांबच लांब खाचेतली नागमोडी वळणं. सुई त्या खाचेतून फिरते आणि वळणांप्रमाणे थरथरते. 'आ', 'ई', 'ओ' हे स्वर दणकट असतात, लांब असतात. झिजलेल्या रेकॉर्डवरही ते टिकतात. व्यंजनं मात्र नाजूक. 'क'चा नुसता एक बारीक स्फोट, 'स' आणि 'ष'ची बारीक, उंच सुसकार. धूळ, चरे आणि बोथट सुई आधी यांनाच खातात. उरतो तो गोड सूर आणि वर खरखर. गंमत अशी, की ती खरखरही 'स' आणि 'ष'च्याच जातीची असते. 'संकटी'च्या मध्ये थोडी खरखर मिसळली की 'संकष्टी' व्हायला कितीसा वेळ लागणार?

यावर शास्त्रज्ञांनी कामही केलं आहे. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक ध्वनी त्यांनी कापून काढला आणि त्या जागी खोकला भरला. ऐकणाऱ्यांना तो नसलेला ध्वनी ऐकू आला! खोकला नेमका कुठे होता हेही त्यांना धड सांगता येईना. म्हणजे मेंदू रिकामी जागा भरतो आणि भरली हे आपल्याला कळूही देत नाही. इंग्रजीत चुकीच्या ऐकलेल्या गाण्याच्या शब्दांना 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली हा शब्द दिला. लहानपणी एका स्कॉटिश बॅलडमधले साधे शब्द तिला एका बाईच्या नावासारखे ऐकू आले होते. प्रत्यक्षात त्या गाण्यात तशी बाईच नव्हती!

आपल्या फोनचा कीबोर्ड दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द सुचवतो ना, तसंच हे. तो काय सुचवतो? तुम्ही आधी जे टाइप केलं आहे तेच. कानही असाच. जे आत आधीपासून साठलेलं आहे तेच तो बाहेरून आलं म्हणून सांगतो.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपल्याला परत गीतेकडे जायचं आहे.

गीता ऐकणारे दोघं होते हे आपण विसरतो. एक अर्जुन, ज्याला सांगितली. दुसरा धृतराष्ट्र, ज्याला संजयाने जशीच्या तशी ऐकवली. तेच शब्द, तोच क्रम. अर्जुनाने शेवटी पोच दिली, की मोह गेला, स्मृती परत आली, शंका संपल्या, आता सांगशील तसं करीन. धृतराष्ट्राची पोच काय? काही नाही. संपूर्ण गीतेत धृतराष्ट्र एकदाच बोलतो, अगदी पहिल्या श्लोकात, आणि त्यात तो 'माझे' आणि 'पांडूचे' अशी वाटणी करून मोकळा होतो. त्यानंतर अठरा अध्याय तो गप्प आहे.

आणि महाभारतातली वेळही पाहा. संजय धृतराष्ट्राला हे सांगायला बसतो तेव्हा भीष्म पडलेले आहेत, म्हणजे युद्धाचे दहा दिवस झालेले आहेत. अजून आठ दिवस बाकी आहेत. द्रोण जिवंत आहेत, कर्ण जिवंत आहे, अभिमन्यू जिवंत आहे, दुर्योधन जिवंत आहे. संजय शेवटच्या श्लोकात स्वच्छ सांगतो, की जिथे कृष्ण आणि अर्जुन आहेत तिथेच विजय आहे. यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? त्या क्षणी राजाने हात वर केला असता तर पुढचे आठ दिवस वाचले असते. पण त्याच्या मनात एकच शब्द कोरलेला होता, 'माझे'. रिकाम्या जागी तोच शब्द भरला जात होता. ज्ञानेश्वर माउलीही ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडे संजयाचा गहिवर आणि धृतराष्ट्राचा कोरडेपणा शेजारी शेजारी ठेवून दाखवतात. एकाचे शब्द आनंदाने अडखळत आहेत, आणि दुसऱ्याला त्याचं काहीच नाही.

फळीवर म्हणणाऱ्या मुलाची चूक आणि धृतराष्ट्राची चूक, यंत्र म्हणून बघितलं तर दोन्ही एकाच जातीच्या. मुलाच्या मनात घरची फळी होती, राजाच्या मनात घरचा मुलगा होता. पण एका चुकीवर आपण हसतो आणि दुसरीवर रडतो. असं का?

शास्त्रातही या प्रश्नाची दोन टोकं आहेत.

एका टोकाला त्वष्ट्याची गोष्ट. इंद्राने त्याच्या मुलाला, विश्वरूपाला मारलं. त्वष्ट्याने सूडासाठी यज्ञ मांडला आणि इंद्राला मारणारा मुलगा मागितला. मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रू'. एका स्वराने म्हटला तर अर्थ 'इंद्राचा नाश करणारा'. स्वर दुसऱ्या जागी गेला तर अर्थ 'इंद्र ज्याचा नाश करणार असा'. अक्षर एकही बदललं नाही, फक्त स्वर सरकला. वृत्र जन्माला आला आणि इंद्राच्या हातून मेला. पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीलाच ही गोष्ट दिली आहे, व्याकरण का शिकायचं हे सांगताना. आमच्या भाषेत, एका चिन्हाने प्रॉडक्शन पडलं!

दुसऱ्या टोकाला वाल्या. त्याला 'राम' म्हणता येईना, तो 'मरा मरा' म्हणत बसला. तेही उलटंच. पण अंगावर वारूळ चढेपर्यंत म्हणत बसला आणि त्यातूनच वाल्मीकी उभा राहिला. अध्यात्म रामायणात ही कथा येते, आणि आपल्याकडे तर ती आजीच्या मांडीवरच ऐकायला मिळते.

मग खरं काय? उच्चार चुकला की सर्वनाश, की उच्चार चुकला तरी उद्धार?

मला वाटतं, दोघांच्या चुकीपेक्षा दोघांच्या हट्टात फरक आहे. त्वष्ट्याला मंत्राकडून फक्त स्वतःला हवं तेच ऐकायचं होतं. मंत्र त्याच्यासाठी हत्यार होता. वाल्याला स्वतःचं काहीच भरायचं नव्हतं. त्याने आपलं तोंड देऊन टाकलं होतं. जे दिलं ते घोकत राहिला, आणि घोकता घोकता 'मरामरामरा'मधून 'राम' आपोआप सरळ झाला. पुन्हा पुन्हा म्हणण्यात ही ताकद आहे. आमच्याकडे माहिती चुकू नये म्हणून ती जास्तीची, फिरवून फिरवून पाठवतात. आपल्या वैदिक मंडळींनी हेच लिपीशिवाय केलं. जटापाठात दोन शब्द सरळ, मग उलटे, मग पुन्हा सरळ म्हणायचे. घनपाठात तर तीन तीन शब्द पुढे मागे गुंफायचे. एक अक्षर हललं तर लगेच उघडं पडतं. आणि आपल्या वारकरी कीर्तनात बुवा एक चरण म्हणतात, मागचे टाळकरी तोच पुन्हा म्हणतात. ती नुसती साथ नाही, ती पोच आहे!

आणि भगवंताची करुणा बघा. ज्याचा जन्म त्या चुकलेल्या मंत्रातून झाला तो वृत्र भागवताच्या सहाव्या स्कंधात मोठा भक्त म्हणून भेटतो. रणांगणात मरण समोर असताना तो भगवंताजवळ ना राज्य मागतो ना स्वर्ग. मंत्र म्हणणाऱ्याचा हेतू फसला, पण जन्माला आलेला जीव देवाने टाकला नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, "मग झालं तर! देवाला भाव कळतो, शब्द कुठलाही असू दे." इथेच जपायला हवं.

माझ्या मामांकडे डोंबिवलीला एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. गणपतीच्या दिवसांत तो माळ्यावरून खाली येतो. आरत्यांची एक रेकॉर्ड आहे, कव्हर कधीच फाटलंय, आता साध्या प्लास्टिकच्या पिशवीत असते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मामी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आरती चालू होती. मामेभावाच्या मुलीने, वय वर्षं सात, मोठ्याने 'संकष्टी' म्हटलं. तिचा बाबा आरती संपल्यावर जरा चढ्या आवाजातच म्हणाला, "अगं, चुकीचं म्हणतेस तू. संकटी आहे ते."

ती म्हणाली, "पण आजी असंच म्हणायची."

घरात एकदम शांतता. कुणाला काय बोलावं कळेना.

मामा उठले. "थांब, आपण रेकॉर्डलाच विचारू," म्हणाले. सुई लावली. पहिलीच आरती असल्यामुळे सगळ्यांत जास्त वाजलेला आणि सगळ्यांत जास्त झिजलेला तोच भाग. खरखर, खरखर, आणि मग तो शब्द. पोरगी उडी मारून म्हणाली, "बघा, संकष्टीच म्हणतायत!" आणि खरंच, त्या खरखरीत दोन्ही ऐकू येत होतं. ज्याला जे हवं ते. आम्ही सगळे हसलो, मामाही हसले.

मग त्यांनी देव्हाऱ्याच्या कप्प्यातून आरतीसंग्रह काढला. "वाच बघू इथे काय लिहिलंय." तिने बोट ठेवून वाचलं. सं-क-टी.

"मग आजी चुकीचं म्हणायची?"

मामा म्हणाले, "तुझी आजी दर संकष्टीला उपास करायची ना? चंद्र दिसेपर्यंत पाणी प्यायची नाही. ढग आले की गच्चीत जाऊन उभी राहायची. तिला तोच शब्द ऐकू यायचा, कारण तो तिच्या पोटात होता. बाप्पा तिच्याकडे त्या दिवशी येतच होता. पण बाळा, शब्द संकटी असा आहे. संकष्टी महिन्यातून एकदा येते. संकट मंगळवारी दुपारीसुद्धा येतं, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्येसुद्धा येतं. तेव्हाही हाक मारता यावी म्हणून तो शब्द आहे."

"मग मी काय म्हणू?"

"तू संकटी म्हण. आणि संकष्टीला आजीची आठवण काढ."

मला त्या दिवशी मामांनी जे केलं ते फार मोठं वाटलं. त्यांनी मामींना खोटं पाडलं नाही आणि शब्दालाही खोटं पाडलं नाही. भाव ठेवला, शब्द दिला. आणि शब्द दिल्यामुळे त्या मुलीला काय मिळालं बघा. एका तिथीपुरती असलेली हाक तिच्यासाठी चोवीस तास उघडी झाली.

चुकीच्या शब्दाने पाप लागत नाही. पण काहीतरी हातचं जातं. 'सुरवंट्या' म्हणणाऱ्यावर विठोबा रागावणार नाही. पण कुरवंडी म्हणजे काय हे त्याला कधी कळणार नाही. कुरवंडी म्हणजे ओवाळणी, ओवाळून टाकायची गोष्ट. आपल्या भाषेत जिवाची कुरवंडी करणं म्हणजे स्वतःलाच ओवाळून टाकणं. चंद्रभागेत सोडलेल्या त्या दिव्यांमागे एवढा मोठा अर्थ आहे, आणि आपण सुरवंटावर अडकलो तर तो दारातूनच परत जातो.

आपलं नाव कुणी पहिल्यांदा चुकीचं घेतलं तर आपण मनावर घेत नाही. परदेशातली टीम असेल तर महिनाभर चालवून घेतो. पण ज्याला आपली खरी ओढ असते तो एक दिवस थांबून विचारतो, "नक्की कसं म्हणायचं तुझं नाव?" नीट म्हणायचा आग्रह हा प्रेमाचाच एक प्रकार आहे. माहीत नसेपर्यंत भाव पुरतो. माहीत झाल्यावर तोच भाव आपल्याला योग्य शब्दाकडे घेऊन जातो.

आपल्या परंपरेत हे काम कुणी केलं? पैठणच्या नाथमहाराजांनी.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात राहिली. उतरवणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही की त्याने आपल्या ओळखीचा शब्द घातला. कुणी भर म्हणून आपली ओवीही घातली. प्रेमानेच, पण घातली. रेकॉर्डवर जसे चरे पडतात तसे पोथीवर पाठभेद चढले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती करतो. म्हणजे ज्ञानेश्वरीची जयंती ही शुद्धीकरणाच्या दिवसाची आहे! आणि काम झाल्यावर नाथांनी बजावून ठेवलं, की यात यापुढे कुणी आपली ओवी घालू नये. अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं ते होईल. स्वतः एवढे मोठे कवी, भागवतावर हजारो ओव्या लिहिणारे. पण माउलींच्या ग्रंथात त्यांनी स्वतःचं काही भरलं नाही.

या कामाच्या आधीची एक कथा सांगतात. माउली नाथांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीपाशी उतरले आणि ती मुळी दूर केली.

मुळी नेमकी कंठालाच का लागावी? हातापायाला नाही, छातीला नाही. कंठ म्हणजे आवाज. मला यात ज्ञानेश्वरीच दिसते. झाड वाईट नव्हतं. अजानवृक्ष तर तिथला पवित्रच. त्याची मुळीही माउलींच्या जवळ जावं म्हणूनच वाढली असणार. पण जवळ जाता जाता तिने गळा धरला. आपणही संतांचे शब्द असेच धरतो. प्रेमाने धरतो, आणि आपल्याच अर्थाने इतके आवळतो की त्यांना त्यांचं बोलताच येत नाही. नाथांनी झाड तोडलं नाही. फक्त गळ्याभोवतीची मुळी हलकेच सोडवली.

आता आपल्या गळ्याशी येऊ या. म्हणजे आपण ज्या श्लोकाचा गळा रोज धरतो त्याच्याकडे. दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक. अप्रेझलच्या महिन्यात ऑफिसात हमखास ऐकू येतो. काय ऐकू येतं? "काम करत राहा, फळाची अपेक्षा ठेवू नका." म्हणणाऱ्याला सोयीचं, ऐकणाऱ्याला जाचक. पण त्या श्लोकात चार गोष्टी आहेत. कर्म तुझ्या हातात आहे. फळ तुझ्या हातात नाही. फळाकडे डोळा ठेवून कर्म करू नकोस. आणि चौथी, काहीच न करण्याची ओढही धरू नकोस. ही चौथी गोष्ट बहुतेकांना ऐकूच येत नाही!

इथे रेकॉर्डचं अजून एक गणित सांगतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच वेगाने फिरते. पण बाहेरचा घेर मोठा, आतला लहान. त्यामुळे सुईखालून सुरुवातीला सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटाकडे जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. म्हणून रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात शब्द जास्त फाटतात. आपल्या श्रवणाचंही तसंच आहे. सुरुवातीला लक्ष ताजं असतं. शेवटाकडे मन उठायच्या तयारीत असतं, आणि नेमकं तिथेच मोलाचं काही सांगितलेलं असतं. अर्जुन गीतेच्या सुरुवातीला धनुष्य टाकून बसला होता. त्याला सगळ्यांत जास्त गरज त्या चौथ्या गोष्टीचीच होती. आपल्यापैकी जे "काय उपयोग आहे?" म्हणून लॅपटॉप मिटून बसले आहेत, त्यांनाही तिचीच आहे.

आपण प्रवचन दीडपट वेगाने ऐकतो. तीस सेकंदांची क्लिप बघून "गीतेत असं सांगितलंय" म्हणून पुढे पाठवतो. ऐकणं खूप वाढलं आहे, पण पोच देणं राहून जातं. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना पहिला समास श्रवणाला दिला. उपनिषदातही श्रवणानंतर मनन आणि मग निदिध्यास असा क्रम आहे. आवाज कानावर पडला म्हणजे श्रवण झालं असं नाही. ऐकलेलं पुन्हा तपासणं, आपण त्यात काय भरलं आणि काय गाळलं ते बघणं, इथपर्यंत श्रवण जातं.

आणि हे फक्त पोथीपुरतं नाही. आई फोनवर विचारते, "जेवलास का?" आणि पोरांना ऐकू येतं, "अजून लहानच समजते मला." नवरा म्हणतो, "आज दमलोय," आणि बायकोला ऐकू येतं, "तुझ्याशी बोलायचं नाही." मित्र म्हणतो, "ठीक आहे रे," आणि आपल्याला ठीकच ऐकू येतं, कारण मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं असतात. शब्द एक, आणि मधल्या खरखरीत आपण आपलाच शब्द भरलेला. धृतराष्ट्राला विदुराने किती वेळा सांगितलं होतं! कान शाबूत होते त्याचे.

म्हणून भगवंतांचा तो प्रश्न आज मला सगळ्या गीतेइतका मोठा वाटतो. ऐकलंस का? मन लावून ऐकलंस का? मी जे म्हणालो तेच ऐकलंस, की तुझ्या मनातलंच तुला पुन्हा ऐकू आलं?

आजचा अभ्यास, अगदी छोटा :

१. आज संध्याकाळी तुमच्या रोजच्या आरतीचे किंवा स्तोत्राचे छापील शब्द एकदा बोट ठेवून, सावकाश वाचा. जो शब्द आजवर वेगळा म्हटला गेला असेल तो शोधा आणि त्याचा अर्थ बघा.

२. घरात कुणी मोठं माणूस एखादा शब्द चुकीचा म्हणत असेल तर चारचौघांत टोकू नका. त्या चुकीत त्यांचं काय साठलंय ते आधी विचारा. मुलांना मात्र मांडीवर घेऊन नीट शब्द द्या.

३. दिवसभरात एका माणसाला, फक्त एकाच, विचारा, "तू असं म्हणालास असं मला वाटलं. बरोबर ऐकलं ना मी?" आणि मग त्याचं उत्तर मध्ये न बोलता ऐका.

उद्या आपण ७३वा श्लोक घेऊ, अर्जुनाची पोच. मोह गेला एवढंच तो म्हणत नाही. स्मृती परत आली असंही म्हणतो. म्हणजे नीट ऐकल्यावर काहीतरी नवीन कळतं, की आपलंच विसरलेलं काही आठवतं? आज झोपण्यापूर्वी यावर थोडा विचार करून ठेवा.

राम कृष्ण हरी!